शास्त्रशुद्ध संपर्क दिन

वैज्ञानिक दृष्टिकोनाचे फायदे पुष्कळांनी सांगितले आहेत. त्याचा एक तोटा मात्र कुणी सांगत नाही. हा दृष्टिकोन अमुक माणसाकडे आहे, असे एकदा लोकांच्या लक्षात आले की ते त्याला कामाला लावतात. आमच्या इमारतीच्या वार्षिक सभेत मी एक साधी शंका विचारली नसती, तर पुढे एका प्रसन्न संध्याकाळी चार सुशिक्षित, प्रौढ माणसे आपापल्या बाथरूममध्ये दिवा मालवून, पालथ्या बादलीवर डोळे मिटून बसली नसती. आणि ज्या एका वाक्यामुळे मी हल्ली जिना उतरताना उगीचच चपलांकडे बघत उतरतो, ते वाक्यही माझ्या तोंडून निघाले नसते.

शंका हा माझा छंद नव्हे, पोटापाण्याचा उद्योग आहे. मी मोजमापांच्या प्रयोगशाळेत काम करतो. दुकानातले तराजू, दवाखान्यातले तापमापक, पंपावरची मापे खरे बोलतात की खोटे, हे आम्ही तपासतो आणि खरे बोलणाऱ्यांवर शिक्का मारतो. या कामाचा स्वभावावर परिणाम होतो, असे माझ्या बायकोचे म्हणणे आहे. मी घरातल्या माणसांकडेही शिक्का कुठे मारायचा अशा नजरेने बघतो, असे ती पाहुण्यांसमोर सांगते. हे निरीक्षण अतिशयोक्त आहे, पण निराधार नाही.

आता त्या शंकेविषयी. आमची इमारत लहान, मजल्यावर एकच बिऱ्हाड अशी. या इमारतीत वर्षातून एकदा परग्रह-संपर्क दिन पाळला जातो. त्या दिवशी सूर्य मावळताना सगळे गच्चीवर जमतात, एकमेकांचे हात धरतात आणि डोळे मिटून एकच संदेश मनातल्या मनात अंतराळाकडे पाठवतात. मग उत्तराची वाट पाहतात. उत्तर येत नाही. मग चहा येतो.

ही प्रथा सुरू केली माझ्या सासऱ्यांनी. त्यांना सगळी इमारत नाना म्हणते, म्हणून मीही म्हणतो. नाना टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला यंत्र लावून अनोळखी माणसांना 'थांबा, जोडून देतो' असे सांगण्यात त्यांचे आयुष्य गेले. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, आणि जगात असाही एक दिवस पाळतात हे कुठल्याशा मासिकात वाचून त्यांनी पहिल्याच वर्षी माणसे गच्चीवर गोळा केली. त्या दिवसासाठी त्यांचा एक पांढरा शर्ट राखून ठेवलेला असतो. तो ते स्वतः इस्त्री करतात. एरवी ते कुणाकडे काही मागत नाहीत.

वार्षिक सभेत सचिवांनी नेहमीप्रमाणे 'संपर्क दिन यंदाही' असे म्हणून पुढच्या विषयाकडे वळायला सुरुवात केली, आणि मी हात वर केला.

"इतक्या वर्षांत एकदा तरी उत्तर आलं आहे का?"

सचिव तळमजल्यावर राहतात आणि कायम पाण्याच्या टाकीची चिंता करत असतात. त्यांनी टाकीत काही सापडल्यासारखे माझ्याकडे पाहिले. नाना मात्र शांतपणे म्हणाले, "जावईबापू, समोरचा फोन उचलत नाही म्हणजे घरात कुणी नाही, असं नसतं. माणूस अंघोळीला गेला असेल."

"इतकी वर्षं?" मी विचारले.

"त्यांचं वर्ष केवढं असतं, कुणाला ठाऊक!" तिसऱ्या मजल्यावरचे विमेवाले म्हणाले. मुद्दा खगोलशास्त्राच्या दृष्टीने बरोबर होता, म्हणूनच मला जास्त राग आला. मी उभा राहिलो. उभे राहून बोललेले वाक्य इतिवृत्तात जाते, हे मला नंतर समजले.

"आपण एकदा हे नीट तपासून पाहू," मी म्हणालो. "शास्त्रशुद्ध रीतीनं. पुरावा मिळाला तर दिवस चालू ठेवू, नाही मिळाला तर बंद करू. आणि एकदा मिळालेला निकाल हा निकाल नसतो, तो पुन्हा मिळावा लागतो."

"झकास!" सचिव म्हणाले. "ठराव मंजूर. सूचक तुम्ही, संयोजकही तुम्हीच."

नानांचा चेहरा जराही बदलला नाही. "चालेल की," ते म्हणाले. "जावईबापू तपासणार म्हणजे चोख होईल." त्यांनी विरोध केला असता तर मला पुढचे दिवस फार सोपे गेले असते.

घरी आल्यावर बायकोने चपला काढायच्या आधीच विषय काढला.

"अहो, तुम्हाला मोजायला दुसरं काही मिळालं नाही का?"

"अगं, मी बंद करा असं म्हटलेलं नाही. पुरावा मिळाला तर..."

"मिळणार आहे का?"

"शक्यतेच्या भाषेत बोलायचं तर..."

"माझ्या भाषेत बोला."

"नाही मिळणार," मी म्हणालो.

"म्हणजे बाबांचा वर्षातला एक दिवस तुम्ही सभेत उभं राहून काढून घेतलात. त्यांना दुसरं आहे काय? तो शर्ट आहे नि तो दिवस आहे." एवढे बोलून ती स्वयंपाकघरात गेली, आणि भांडी नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत वाजू लागली.

मी मनाशी विचार केला, की सत्य हे कुणाच्या शर्टावर अवलंबून ठेवता येत नाही. विचार निर्दोष होता. तो मनाशी पुनःपुन्हा करावा का लागत होता, हे मात्र समजत नव्हते.

आता पद्धतीविषयी. गच्चीवरच्या प्रथेत मोठा दोष होता तो हात धरण्याचा. विमेवाले दर वर्षी मध्येच 'मला काहीतरी जाणवलं' असे म्हणतात. त्यांनी म्हटले की पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्यांना जाणवते, आणि पाठोपाठ ओळीने सगळ्यांना जाणवू लागते. असल्या साथीच्या जाणिवेला पुरावा म्हणत नाहीत. निरीक्षक एकमेकांपासून पूर्ण वेगळे हवेत. कुणी काय ऐकले, हे दुसऱ्याला कळता कामा नये.

गच्चीच्या चार कोपऱ्यांत चार पडदे लावावेत, अशी माझी मूळ योजना होती. ती सांगायला गेलो तर सचिवांनी गच्चीची किल्ली खिशात घट्ट धरली. "गच्चीला नुकतंच वॉटरप्रूफिंग केलं आहे. वर माणूस चढणार नाही."

"परग्रहावरचा उतरला तर?"

"त्यालाही चप्पल काढायला सांगेन."

मग मी प्रभाग कार्यालयाच्या सभागृहाची चौकशी केली. तिथे लहान लहान खोल्या आहेत. खिडकीपलीकडच्या साहेबांनी कार्यक्रमाचा प्रकार विचारला. लग्न, सभा आणि प्रदर्शन असे तीनच प्रकार त्यांच्याकडे होते.

"परग्रहवासीयांशी संपर्क," मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणालो.

त्यांनी मान वर केली नाही. "म्हणजे सभा. बाहेरचे किती येणार?"

"बाहेरचं कुणी येणार नाही. तेच तर सिद्ध करायचं आहे."

"कुणी येणार नाही, तर सभागृह कशाला?"

या प्रश्नात तर्काच्या दृष्टीने खोट काढता येईना. तरी मी म्हणालो, "समजा, आलेच..."

"मग वाहनं कुठे लावणार ते आधी सांगा. आमच्याकडे वाहनतळ नाही. वरून येणार असतील तर विमानतळाची ना-हरकत लागेल. ती आणा, मग बोलू." आणि त्यांनी मागच्या लग्नवाल्यांना पुढे बोलावले. लग्नवाले माझ्याकडे सहानुभूतीने पाहत होते. एवढा मोठा माणूस मुलीसाठी स्थळ शोधायला किती दूर निघाला आहे, असा काहीसा त्यांचा समज झाला असावा.

बाथरूमची कल्पना मला परतीच्या वाटेवर सुचली. ती सुचली तेव्हाचा आनंद मी लपवणार नाही. प्रत्येक बिऱ्हाडात एकच खोली अशी असते, की जिला रस्त्याकडची खिडकी नसते, जिला आतून कडी असते, आणि जिच्यात बसलेल्या माणसाला घरातले कुणी हाक मारत नाही. निसर्गाने आणि गवंड्याने मिळून प्रयोगशाळाच बांधून ठेवलेली होती.

शेजाऱ्यांनी मात्र कल्पनेचे स्वागत संमिश्र केले. चौथ्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात.

"मी बाथरूममध्ये बसून विश्वाशी बोलायचं?" त्यांनी विचारले.

"बाई, विश्वाला तुम्ही कुठे बसलात ते दिसणार नाही."

"मला दिसेल ना!"

विमेवाल्यांनी ओल्या फरशीचा मुद्दा काढला. अंतराळातून आलेल्या संदेशाने दचकून माणूस पडला तर तो अपघात समजायचा की दैवी आपत्ती, याचा त्यांच्या कंपनीत निर्णय झालेला नव्हता. दंतवैद्यांना एकच काळजी होती, तोंड उघडे ठेवायचे की मिटायचे. मी मिटायला सांगितल्यावर त्यांना चुकल्याचुकल्यासारखे झाले.

संदेशावरून झालेल्या वादात एक अख्खी संध्याकाळ गेली. आजवरचा संदेश होता, 'या, आम्ही वाट पाहत आहोत.' त्याला सचिवांनीच हरकत घेतली. 'या' म्हटले आणि खरोखर आले, तर पाणी पुरणार नव्हते. दंतवैद्यांना 'दात आहेत का' एवढेच विचारायचे होते. शेवटी मी सांगितले, की विश्वात सगळ्यांना समजेल अशी एकच भाषा आहे, ती गणिताची. म्हणून प्रत्येकाने मनात मूळ संख्या म्हणाव्यात. दोन, तीन, पाच, सात.

"नऊ," विमेवाले उत्साहाने म्हणाले.

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिले. "नऊला तीननं भाग जातो. काय हो, सगळ्या पृथ्वीची अब्रू घालवणार आहात का?"

विमेवाले सातपर्यंत जाऊन थांबतील, असे ठरले.

मग मी तयारीला लागलो. प्रत्येक बाथरूमच्या दारात किल्लीचे भोक असेल तर त्यात कापसाचा बोळा कोंबला. दाराखालच्या फटीत टॉवेल गुंडाळून लावला. आत गजराचे घड्याळ ठेवून, दार लावून, बाहेरून कान लावून पाहिले. काहीही ऐकू आले नाही. चारही घरी मी समाधानाने मान हलवली. बाथरूमला दाराखेरीज आणखी एक वाट असते. तिचा उल्लेख मी पुढे योग्य जागी करणार आहे. तयारीच्या वेळी तो मी केला नाही, एवढे वाचकाने ध्यानात ठेवावे.

एवढ्याने भागणार नव्हते, म्हणून प्रयोगाच्या वेळी इमारतीत पूर्ण शांतता हवी, असेही मी जाहीर केले. पाण्याचा पंप बंद, नळ बंद, पंखे बंद, मिक्सर बंद. सचिवांनी पंपाला हात लावू देण्यापूर्वी बराच वेळ घेतला. हा पंप दिवसभर घुर्र घुर्र करत असतो, आणि तो थांबला की त्यांचे हृदय थांबते, असे त्यांच्या घरचे सांगतात.

तो दिवस उजाडला. नाना पांढरा शर्ट घालून बाहेर आले. कॉलरची इस्त्री इतकी कडक होती, की मान वळवताना त्यांना खांद्यासकट वळावे लागत होते. आमच्याकडचे बाथरूम मी घेतले होते, म्हणून नानांनी तळमजल्यावर सोसायटीच्या कार्यालयाला लागून असलेली मोरी पसंत केली. तिथे त्यांच्यासाठी मी एक स्टूल नेऊन ठेवले.

"तुम्ही काय पाठवणार, जावईबापू?" त्यांनी विचारले.

"मी काहीच पाठवणार नाही. कुणाला तरी नुसतं बसावं लागतं, तुलनेसाठी."

"म्हणजे लाइनवर राहायचं, पण बोलायचं नाही."

"अगदी तसंच."

"अवघड असतं ते," नाना म्हणाले आणि मोरीचे दार लावून घेतले.

पंप थांबला. नळ थांबले. मी आमच्या बाथरूममध्ये जाऊन कडी लावली, दिवा मालवला आणि पालथ्या बादलीवर बसलो. त्या इमारतीत इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. गरम पाण्याच्या टाकीतून एक थेंब सुटायचा आणि मला त्याची वाट पाहावी लागायची. हळूहळू मला सगळी इमारत दिसू लागली. साक्षात्कार व्हावा तशी नव्हे, कल्पनेने. वरती मोठ्या बाई, ताठ बसून, सगळ्या विश्वाला गृहपाठ विचारत असलेल्या. त्यांच्या खाली विमेवाले, सातपाशी येऊन अडलेले. माझ्या खाली ओठ घट्ट मिटलेले दंतवैद्य. त्यांच्या खाली सचिव, बहुधा टाकीच्या पातळीचा अंदाज घेत. आणि त्यांच्याच शेजारी, मोरीतल्या स्टुलावर, इस्त्रीच्या कॉलरमध्ये मान ताठ धरून माझे सासरे. थोड्या वेळाने मी दारोदार जाणार होतो. सगळे 'काही नाही' म्हणणार होते. नानाही 'काही नाही' म्हणणार होते, कारण ते खोटे बोलत नाहीत. आणि तो शर्ट पुढच्या वर्षी कपाटातच राहणार होता. मी जिंकणार होतो. आणि ही सगळी माणसे स्वतःहून, माझ्या सांगण्यावरून, माझ्या विजयासाठी अंधारात बादल्यांवर बसली होती.

"काय बावळट माणसं आहेत ही!" मी म्हणालो. मोठ्याने नाही, पण म्हणालो. मग थोडे थांबून, आणखी हळू, "आणि सगळ्यांत मोठा बावळट मी."

ठरलेला वेळ संपल्यावर मी वरून सुरुवात केली. प्रत्येकाच्या बाथरूमच्या दारावर टकटक करायची, निरीक्षकाने दार किलकिले करून माझ्या कानात उत्तर सांगायचे, आणि मी सगळ्यांकडे जाऊन येईपर्यंत आतच राहायचे, अशी पद्धत होती. मोठ्या बाईंनी दार उघडले तेव्हा त्यांचा चेहरा परीक्षेच्या निकालाच्या दिवशी असावा तसा होता.

"उत्तर आलं," त्या म्हणाल्या.

"काय आलं?"

"मोठ्यानं सांगण्यासारखं नाही. कान इकडे करा." मी केला. "'काय बावळट माणसं आहेत ही!'"

मी एक पाऊल मागे सरलो. "आवाज कसा होता?"

"पुरुषाचा. किंचित सर्दी झाल्यासारखा. पण उच्चार स्वच्छ."

सर्दी मला झाली होती. तरीही मी घाईने निष्कर्ष काढला नाही. बाईंची सगळी नोकरी शाळेत गेली. हे वाक्य त्यांच्या मनात केव्हापासून साठलेले असू शकते, असे मी स्वतःला सांगितले आणि तिसऱ्या मजल्यावर आलो.

विमेवाल्यांचे डोळे भरून आले होते. "'काय बावळट माणसं आहेत ही!'" ते कुजबुजले. "अगदी माझ्या थोरल्या भावासारखं बोलले हो ते. तोच जिव्हाळा!"

आता ती दुसरी वाट. प्रत्येक बाथरूमला वरच्या बाजूला काचेच्या पट्ट्यांची एक लहान खिडकी असते, आणि आमच्या इमारतीतल्या अशा सगळ्या खिडक्या एकाच डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या पोटातल्या उभ्या पोकळीत उघडतात. हा डक्ट चौथ्या मजल्यापासून मोरीपर्यंत सरळ गेला आहे. रोज पंप, नळ आणि पंखे यांच्या गोंधळात त्यातून कुणाला काही ऐकू येत नाही. तो गोंधळ बंद करण्याचा हुकूम मीच दिला होता. प्रयोगशाळेत दुसऱ्यांची मापे तपासणाऱ्या मी चार माणसांना एकमेकांपासून वेगळे करण्यासाठी एका लांबलचक कर्ण्याच्या तोंडाशी नेऊन बसवले होते, आणि मध्यभागी स्वतः बसलो होतो.

पहिल्या मजल्यावर दंतवैद्य म्हणाले, "इतक्या दुरून, तपासल्याशिवाय, इतकं अचूक निदान!" सचिवांनी एवढेच विचारले, की याची तक्रार कुणाकडे करायची असते.

मी मोरीपर्यंत पोचण्याआधीच नियम मोडून सगळे खाली जमले. एकाने सांगितले, दुसऱ्याने सांगितले, आणि चौघांचे वाक्य तंतोतंत एकच निघाले, तेव्हा जो जल्लोष झाला तो मला शब्दांत सांगता येणार नाही. आपल्याला बावळट म्हटले म्हणून इतकी माणसे एकाच वेळी इतकी आनंदित झालेली मी पाहिलेली नाहीत. मला सर्वांत जास्त लागले ते हे, की माझी प्रत्येक खबरदारी पुरावा म्हणून सांगितली जात होती.

"भोकात कापूस होता!"

"दाराखाली टॉवेल होता!"

"पंपसुद्धा बंद होता," सचिव छातीवर हात ठेवून म्हणाले.

नाना कार्यालयातल्या खुर्चीवर बसले होते. लोक येऊन त्यांचा हात हातात घेत होते. ते कुणाशी काही बोलत नव्हते, फक्त माझ्याकडे पाहत होते. माझी बायको चहाचे ताट घेऊन जिन्यात उभी होती. तीही माझ्याकडे पाहत होती. मी गप्प बसलो असतो, तर दिवस राहिला असता, शर्ट राहिला असता, घरातल्या भांड्यांची पट्टी उतरली असती. गप्प बसण्याइतके सोपे काम माझ्यावर आजवर कुणी सोपवलेले नव्हते. पण ज्या तराजूत खोट दिसली त्यावर मी कधी शिक्का मारला नाही, आणि इथे तर तराजू मीच होतो.

"थांबा," मी म्हणालो. "तो आवाज माझा होता."

सगळे थांबले. मी डक्ट समजावून सांगितला. खिडक्या, पंप, शांतता, सगळे क्रमाने सांगितले. असे स्वच्छ स्पष्टीकरण मी प्रयोगशाळेतही दिलेले नाही.

प्रथम मोठ्या बाई बोलल्या, आणि अतिशय मायेने बोलल्या. "हे पाहा, हरल्याचं वाईट वाटून घेऊ नका."

"बाई, मी हरलो नाही! मीच बोललो ते!"

"आता श्रेयसुद्धा तुम्हालाच पाहिजे का?" विमेवाले म्हणाले.

"श्रेय कसलं? मी तुम्हाला बावळट म्हणालो!"

"तुम्ही कसे म्हणाल?" दंतवैद्य म्हणाले. "तुम्ही तर सज्जन माणूस आहात."

"आणि त्या आवाजात एक जाण होती," बाई म्हणाल्या. "फार वरून बघणाऱ्याची जाण. तुमच्यात ती... म्हणजे तुम्ही हुशार आहात, प्रश्नच नाही. पण."

त्या 'पण'पुढे त्या गेल्या नाहीत. मी जिना चढून वर गेलो, बाथरूममध्ये शिरलो, खिडकीशी तोंड नेऊन ते वाक्य होता नव्हता तेवढा जोर लावून म्हणालो. तीनदा म्हणालो. पण तोवर सचिवांनी पंप सुरू केला होता, घरोघरचे नळ सुटले होते, आणि डक्टमधून धबधब्यासारखा आवाज येत होता. घसा बसवून मी खाली आलो.

"ऐकू आलं?"

"काय?" सगळ्यांनी विचारले.

"पंप बंद करा. पुन्हा करून दाखवतो."

"छे छे!" सचिव म्हणाले. "टाकी तळाला गेली आहे. एवढी शांतता आता मिळणार नाही. पाहिजे तर पुढच्या वर्षी, याच दिवशी."

"हो, पुढच्या वर्षी व्हायलाच हवं," मी टेबलावर हात आपटला. "पुन्हा सगळं असंच, याच पद्धतीनं, म्हणजे दूध का दूध..."

"एकदा मिळालेला निकाल हा निकाल नसतो, तो पुन्हा मिळावा लागतो," मोठ्या बाईंनी माझेच वाक्य विरामचिन्हांसकट म्हणून दाखवले. "तुमचा ठरावच आहे तसा."

"मंजूर," सचिव म्हणाले. "संयोजक तेच."

अशा रीतीने संपर्क दिन कायम ठेवण्याची मागणी इमारतीच्या इतिहासात प्रथमच टेबलावर हात आपटून करण्यात आली, आणि ती मी केली. बायकोने माझ्या हातात चहाचा कप दिला. तिचे ओठ दंतवैद्यांनी शिकवल्यासारखे घट्ट मिटलेले होते, पण खांदे हलत होते.

नंतर मी नानांना हात धरून जिन्याने वर नेत होतो. पहिल्या मजल्याच्या वळणावर ते दम घ्यायला थांबले.

"खरं सांगितलंत, बरं केलंत," ते म्हणाले.

"तुम्हाला तरी पटलं का, नाना?"

"मला पटायचं काय आहे त्यात? मी डक्टच्या तळाशी होतो, आणि कान ऑपरेटरचे. तुमचं दुसरं वाक्यही पोचलं माझ्यापर्यंत. पहिल्यापेक्षा तेच मला जास्त बरोबर वाटलं."

माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. "मग खाली का बोलला नाहीत? तुमचं ऐकलं असतं त्यांनी."

"दोघं बोलत असताना ऑपरेटरनं मध्ये बोलायचं नसतं."

आम्ही घरात आलो. नानांनी शर्ट काढला, कॉलर झटकली, आणि तो माझ्या बायकोच्या हातात दिला. "हा जरा जपून धू गं. पुढच्या वर्षी लागणार आहे, जावईबापूंच्या प्रयोगाला." मग खुर्चीत टेकून ते माझ्याकडे वळले. कॉलर नसल्यामुळे आता त्यांना नुसती मान वळवता येत होती.

"आणि मी तुम्हाला सभेतच सांगितलं होतं," ते म्हणाले. "समोरचा उचलत नाही म्हणजे नाहीच, असं नसतं. अंघोळीला गेला असेल."